तापलेली गाडी आणि स्मारकापुढचे एक मिनिट

बेकर्स मिल, मिशिगन
साखरबिटाच्या उत्सवानंतरचा मंगळवार

आदरणीय वेंडल यांस,

हॉलिसचा सप्रेम नमस्कार. आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि आपण आता काठीशिवाय टपालपेटीपर्यंत जाऊन येता, हे मावीसकडून कळले, समाधान वाटले. ग्वेनवहिनींच्या लिंबाच्या झाडांना या वर्षीचा उन्हाळा सोसला असावा अशी आशा करतो. आपल्या ॲरिझोनात झाडांनाच काय, माणसांनाही सावलीत बसवावे लागते, असे ऐकतो.

इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य मी पत्राच्या शेवटी लिहिणार होतो, परंतु मावीसचे म्हणणे असे पडले, की आपल्याला रक्तदाबाचा त्रास आहे, तेव्हा निकाल आधी लिहावा आणि कारणमीमांसा मागाहून. (आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो, पण गुडघा आपला आहे आणि बहीणही आपली आहे.) तर निकाल असा: आपल्या मातोश्री ठणठणीत आहेत, गाडी ठणठणीत आहे, पाद्रीबाबांची मांडी बरी होत आली आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरातला डांबराचा वास आता फक्त दमट हवेतच येतो.

आता कारणमीमांसा. नाताळात आपण इथे असताना काय ठरले ते आपल्याला ठाऊकच आहे; केवळ मांडणी पुरी व्हावी म्हणून पुन्हा सांगतो. सासूबाईंनी आपल्यासमोर कबूल केले, की चौऱ्याऐंशीव्या वर्षी एवढ्या ताकदीची गाडी हाकणे पुरे झाले. उत्सवाच्या मिरवणुकीत ती स्वतः चालवून नेली, की किल्ल्या आपल्या स्वाधीन करायच्या. ही गाडी त्यांनी एकोणसत्तर साली, साखर कारखान्यातल्या वजनकाट्यावर नोकरी करून, स्वतःच्या कमाईने नवीकोरी घेतली. सासरेबुवांना मागे सामान मावेल अशी लांबलचक शहाणी गाडी हवी होती. सासूबाईंनी दोन दारांची, हिरवी, आणि बैलांची अख्खी दावण नांगराला जुंपल्यासारखे इंजिन असलेली गाडी आणून दारात उभी केली, आणि सासरेबुवा पुढे हयातभर तिच्यात उजव्या बाजूला, म्हणजे चालवणारीच्या शेजारी, बसले. अशा गाडीला निरोप द्यायचा, तर तो मिरवणुकीतूनच द्यायला हवा, हे मलाही पटले होते.

अडचण होती ती आपल्या गावच्या एका प्रथेची. मिरवणूक सैनिकांच्या स्मारकापाशी थांबते, सगळी वाहने इंजिने बंद करतात, आणि बिगुल संपेपर्यंत एक मिनिट गावात पान हलत नाही. त्या दगडावर आपल्या रॉयमामांचे नाव आहे, त्यामुळे इंजिन चालू ठेवायची सूट सासूबाईंनी मागितली नसती, आणि कोणी दिली असती तर घेतली नसती. दोन वर्षांपूर्वी तिथे काय झाले ते आपण नुसते ऐकले आहे. मी ते उजव्या आसनावर बसून पाहिले आहे. ट्रॅक्टरांच्या मागे मैलभर सरपटत आल्याने इंजिन भट्टीसारखे तापलेले. बिगुल संपला. पुढचे ट्रॅक्टर सुरू झाले, मागचा अग्निशामक बंब सुरू झाला, आणि आमच्या गाडीने किल्ली फिरवल्यावर फक्त एक 'टक्' असा आवाज केला. मग हायस्कूलच्या फुटबॉल संघाने आम्हाला ढकलत धान्याच्या कोठारापर्यंत नेले. सासूबाई ताठ बसून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात हलवत होत्या. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मला यापुढे एकदाच ढकलायचं. तेही शवपेटीत असताना." गेल्या वर्षी त्या मिरवणुकीत उतरल्याच नाहीत. तेव्हा या वर्षी गाडी त्या एका मिनिटानंतर सुरू होणे, यावर काय अवलंबून होते, ते मी सांगायला नको.

आता 'टक्' का होते, हे समजावून घेणे मोठे आनंदाचे आहे. (मावीस म्हणते, इथे वेंडल पान उलटेल. कृपया उलटू नये.) किल्ली फिरवल्यावर बॅटरीतली वीज स्टार्टर नावाच्या एका छोट्या मोटारीकडे जाते, आणि ती मोटार एवढ्या अगडबंब इंजिनाला हिसका देऊन जागे करते. या स्टार्टरच्या कुशीलाच धूर बाहेर नेणारी बिडाची नळी असते. गाडी धावत असते तोवर वारा लागतो. पण तापलेली गाडी थांबली, की त्या नळीची सारी धग स्टार्टरवर येते. तार तापली, की तिच्यातून वीज जायला कुरकुर करते. त्यातच बॅटरी दुबळी असेल, तर उरतो तो फक्त 'टक्'. म्हणून कारखान्याने नळी आणि स्टार्टर यांच्यामध्ये एक वाकवलेला पत्रा बसवला होता. त्याला हीट शील्ड म्हणतात. तसाच दुसरा, काटकोनात वाकवलेला पत्रा बॅटरीपाशी. हे दोन्ही पत्रे आता जवळजवळ कुठल्याच गाडीत सापडत नाहीत, कारण स्टार्टर बदलताना ते आधी काढावे लागतात, आणि पुन्हा बसवताना मेकॅनिकची बोटे सोलून निघतात. आपल्या गाडीतही दोन्ही जागी फक्त रिकामी भोके होती.

इथे मला एक मोह झाला, तो लपवत नाही. मिरवणुकीच्या दिवशी सकाळी चर्चच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचे परीक्षण असते; गाडी तिथेही उतरवायची. झाकण उघडे ठेवून आपण मागे घडीच्या खुर्चीवर बसायचे, आणि परीक्षकांनी विजेरी घेऊन इंजिनात डोके घालायचे. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती, तंतोतंत तशी हवी. त्याहून वाईट असेल तर गुण जातात आणि त्याहून चांगली असेल तरीही जातात. म्हणजे एकोणसत्तर साली कोणा कामगाराने जेवणाच्या सुट्टीआधी घाईत रंगाचे ओघळ सोडले असतील, तर आपणही ते सोडायचे. ज्याने जन्मभर पोरांचे गुण गबाळेपणासाठी कापले, त्याच्यासाठी ही साधना सोपी नाही. इंजिनाच्या निळ्या रंगाचा एक निष्काळजी फटकारा मारण्यासाठी मी पुठ्ठ्यावर आठवडाभर सराव केला. मावीस दारात उभी राहून बघत होती. "हॉलिस," ती म्हणाली, "निष्काळजीपणासुद्धा तू इतका मन लावून करतोस, की बघणाऱ्याला झोप येते."

आधी बॅटरी. त्या काळच्या बॅटरीचे खोके काळ्या कडक रबराचे असे, आणि वरचा माथा ओतीव डांबराचा. आताच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्या ताकदीने उत्तम, पण त्या इंजिनाशेजारी अशा दिसतात, जणू आजोबांच्या लग्नाच्या फोटोत कोणी मोबाईल घेऊन उभे आहे. उपाय असा, की जुने खरे खोके मिळवायचे, डांबर तापवून माथा सोडवायचा, आतल्या मेलेल्या शिशाच्या पट्ट्या काढायच्या, पोकळीत एक लहान, नवी, बंद बॅटरी बसवायची, तिच्या तारा जुन्या खुंट्यांना आतून जोडायच्या, आणि वर पुन्हा डांबर ओतायचे. बाहेरून आजोबा, आतून नातू. खोके मला जुन्या भागांच्या बाजारात एका घोंगडीवर मिळाले. विकणारा त्यात खिळे ठेवत असे. आतले उरलेसुरले आम्ल मारण्यासाठी मी घरातला सगळा खाण्याचा सोडा वापरला. (तो चर्चच्या न्याहारीच्या पावांसाठी होता, हे मला मागून कळले. पाव झाले, परंतु त्यांनी माना वर काढल्या नाहीत.) डांबर मी मावीसच्या विजेच्या मंद आचेच्या भांड्यात वितळवले, कारण तापमान एकसारखे राखणे महत्त्वाचे असते, आणि त्या भांड्याइतके एकसारखे तापमान आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही नव्हते. तासाभरात शेजारचे मिस्टर डिफेनबाख पायऱ्यांवर आले. त्यांचा चेहरा उजळला होता. गेली कित्येक वर्षे ते आमच्या गल्लीच्या डांबरीकरणासाठी पंचायतीकडे अर्ज करत आहेत. वासावरून त्यांना वाटले, की अखेर रोलर आला. त्यांना भांडे दाखवताना मला फार वाईट वाटले.

तरीही बॅटरी अशी झाली, की मी स्वतः दोनदा फसलो.

मग पत्रा. भंगारात शोधूनही अस्सल कुठे मिळेना, म्हणून जुन्या छायाचित्रांवरून माप काढून मी तो स्वतः कापला, वाकवला, घासला. कुठे फट नाही, कुठे खडबड नाही. स्टार्टरला हातमोजा बसावा तसा बसला. गाडी अंगणात तासभर चालवून तापवली, बंद केली, एक मिनिट थांबलो, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा केले. टक्. नवी बॅटरी असूनही टक्. सासूबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या. प्रत्येक 'टक्' झाला, की त्यांचा हात थांबे, आणि मग पुन्हा चालू होई. एकदा फक्त म्हणाल्या, "मास्तर, फुटबॉलच्या पोरांना आत्ताच सांगून ठेवायचं का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वेंडल, एरवी मला त्यांच्या टोमण्यांची सवय आहे. पण त्या दिवशी त्या शेंगांकडेच बघत राहिल्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, की या वर्षीही त्या उतरणार नाहीत, आणि निरोपाची ती शेवटची फेरी अंगणातच आटपेल.

उत्सवाच्या आदल्या रविवारी सासूबाईंकडे जेवण होते. पाद्रीबाबा लॅनहॅम यांनाही बोलावले होते. नेहमीप्रमाणे भट्टीतून काढलेले बटाटे आणि चीजचे खोल भांडे मधोमध, त्यांच्या त्या जुन्या, वाकड्या, काळपट तिवईवर ठेवले होते. पाद्रीबाबांनी सौजन्याने विचारले, की गाडीचे काम कुठवर आले. (सौजन्याने विचारलेल्या प्रश्नाला मी पूर्ण उत्तर देतो, हे त्यांना नऊ वर्षांपूर्वी आल्यापासून माहीत असायला हवे होते.) मी सांगू लागलो, की पत्रा स्वतः उष्णता अडवत नाही, पत्रा आणि यंत्र यांच्यामध्ये कोंडलेली हवा ती अडवते. उदाहरणासाठी मी समोर बोट दाखवले. म्हटले, हीच तिवई पाहा. भांडे भट्टीतून आलेले आहे, तरी खालचे टेबल गार आहे, कारण तिवईच्या पोटाखाली दोन बोटे मोकळी हवा आहे, आणि हे बोलता बोलताच मला कळले, की मी माझ्या पत्र्यात एकही फट ठेवलेली नाही. तो स्टार्टरला चिकटून बसला होता. मी धग अडवत नव्हतो, ती हाताला धरून आत नेऊन सोडत होतो. आणि हे कळल्याच्या आनंदात मी त्या तिवईकडे जरा अधिक लक्ष देऊन पाहिले. तिला तीन भोके होती. एका कडेला कारखान्याचा ठोकलेला आकडा होता.

मी तिवई उचलली. माझ्या विषयात वस्तूवरची वस्तू हा एक संपूर्ण धडा आहे, आणि तो मी किती वर्षे शिकवला हे आपण जाणता. तरी वर भांडे आहे, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. बटाटे पाद्रीबाबांच्या मांडीवर गेले. त्यांनी उच्चारलेला शब्द बायबलात आहे, पण त्या अर्थाने नाही.

गार पाणी, लोणी, क्षमायाचना हे सगळे झाल्यावर मी सासूबाईंना विचारले, की ही वस्तू आली कुठून. त्या शांतपणे म्हणाल्या, की गाडी घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्टार्टर बदलला, तेव्हा त्या मुलाने पत्रे परत बसवायचा कंटाळा केला. चांगला पत्रा टाकून कसा द्यायचा, म्हणून त्या घरी घेऊन आल्या. मी म्हटले, "आई, मी दोन महिने चार जिल्ह्यांतले भंगार उपसतोय." त्या म्हणाल्या, "आणि तीस वर्षं दर रविवारी त्याच्याकडे बघत जेवताय. मला काय ठाऊक, तुम्ही हे शोधताय? तुम्ही उष्णतेवर बोलायला लागलात, की मी भांडी आवरायला जाते."

तिवई त्या अशीच देणार नव्हत्या. टेबल उघडे पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. अखेर माझा हातमोज्यासारखा पत्रा त्यांनी बदली म्हणून घेतला आणि अस्सल पत्रा माझ्या हाती दिला. त्यावर पन्नास वर्षांचे चीज, रस्सा आणि नाताळच्या बदकाची चरबी बसलेली होती. मी तो खरवडला नाही. थोडा पुसला आणि बसवला. त्याची एक कड वेडीवाकडी वाकलेली होती. माझ्याकडे पोराने तसे काम आणले असते, तर मी परत पाठवले असते. पण त्याच वेडेपणामुळे स्टार्टर आणि पत्रा यांच्यामध्ये दोन बोटे हवा राहते. गाडी तापवली, बंद केली, थांबलो, किल्ली फिरवली. ती गरजली. ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा गरजली. "पुन्हा." संध्याकाळपर्यंत अंगणात बटाटे भाजल्याचा वास सुटला होता, आणि सासूबाई इस्त्री केलेला ब्लाउज शोधायला आत गेल्या होत्या.

उत्सवाच्या सकाळी परीक्षणाला एक मिस्टर प्रुइट आले. विजेरी, पांढरे हातमोजे, आवाज दवाखान्यातला. बॅटरीपाशी ते बराच वेळ थांबले. मग हातमोजा काढून त्यांनी डांबराच्या माथ्याला बोट लावले आणि हळूच म्हणाले, की इतकी अस्पर्शित, अस्सल बॅटरी फार वर्षांत पाहिली नव्हती. पूर्ण गुण. मी तोंड उघडले. मावीसने माझ्या पायावर पाय ठेवला. मग ते खाली वाकले, पत्रा पाहिला, हुंगला, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, की ही नक्कल आहे, तीही हलक्या हाताची. कड वाकडी, रंग चुकीचा, आणि कसला तरी चिकट थर. गुण वजा. खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "बाळा, तुझं जेवढं वय असेल ना, तेवढी वर्षं मी त्यावर जेवण वाढलंय. भूक लागली असेल तर तसं सांग." आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. नक्कल खरी ठरली आणि खरे ते नक्कल ठरले, यावर मी हिरवळीवरच एक छोटे व्याख्यान देणार होतो, पण मिरवणूक निघाली.

वेंडल, ती मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. ऊन रणरणत होते, पुढे ट्रॅक्टरांची रांग, मागे शाळेचा बँड. स्मारकापाशी सगळे थांबले. सासूबाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, हात मांडीवर ठेवले, आणि रॉयमामांच्या नावाकडे पाहत राहिल्या. बिगुल वाजू लागला. मला झाकणाखाली धातू तापून तडतडत असल्याचा आवाज ऐकू येत होता. फुटबॉलच्या पोरांचा घोळका फुटपाथवर उभा होता. त्यातल्या दोघांनी, मी शपथेवर सांगतो, बाह्या सरसावल्या. बिगुल संपला. सासूबाईंनी किल्लीला हात लावला आणि माझ्याकडे न बघता हलकेच म्हणाल्या, "मास्तर, हवा आहे ना मध्ये?" मी म्हटले, "आहे, आई. दोन बोटं." त्यांनी किल्ली फिरवली.

पहिल्या हिसक्यात. सगळ्या ट्रॅक्टरांच्या आधी. त्या गर्जनेने बँडमधला मोठा पितळी भोंगा वाजवणारा दचकला. पोरांनी बाह्या खाली केल्या आणि टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी लोकांना हात हलवला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्या रडत होत्या, आणि गाडी सरळ चालत होती. कोठारापाशी पोहोचल्यावर त्यांनी ती थांबवली, पुन्हा बंद केली, आणि केवळ बघायला म्हणून पुन्हा सुरू केली. मी रुमालाने कपाळ पुसले. इतका हलका मी सेवानिवृत्तीच्या दिवशीही झालो नव्हतो.

कळावे. गुडघ्याची काळजी घ्यावी. वहिनींना नमस्कार.

आपला स्नेहांकित,
हॉलिस

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहूनच गेले. काटकोनातला दुसरा पत्रा, म्हणजे बॅटरीपाशी बसणारा, सासूबाईंनी पांढरा रंगवून, त्यावर निळी फुले काढून, आपल्या लग्नात ग्वेनवहिनींना दिला होता म्हणे. आपल्या ओट्यावर पाककृतींची पुस्तके ज्याला टेकून उभी असतात, तो. पुस्तके आडवी करून एकदा पाहावे. खालच्या कडेला चार भोके असतील. फुले खरवडू नयेत.

ता. ता. क. पाद्रीबाबा पुढच्या रविवारी जेवायला येणार आहेत, उभ्याने जेवण्याच्या अटीवर. माझ्या पत्र्याखाली सासूबाईंच्या टेबलावर गोल करपट डाग पडला आहे. सिद्धांताप्रमाणे तो पडायलाच हवा होता.

आणखी एक. पत्रा टपालाने पाठवू नये. टपालात फुले खरचटतील, असे सासूबाईंना वाटते, म्हणून बिटाची काढणी सुरू झाली की त्या स्वतः येऊन नेणार आहेत. गाडीनेच. डोळे तपासून त्यांनी परवाना पुढच्या चार वर्षांसाठी करून घेतला आहे. किल्ल्यांच्या वचनाची मी आठवण दिली; त्यावर त्या म्हणाल्या, "मिरवणुकीनंतर देते म्हटलं होतं. कुठल्या वर्षीच्या, ते वेंडलनं विचारलंच नाही." मी उजव्या आसनावर असेन, आणि वाटेत उष्णतेवर न बोलण्याची अट मी मान्य केली आहे.